पुढचे दोन टायर

सेंत-ओदील, २४ ऑक्टोबर २०१६

आर्मां,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. कॉन्व्हेंटात मेर क्लोतील्द या नन आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. तारीख उजवीकडे, मायना डावीकडे, आणि मनात नसलेला शब्द कागदावर दिसला की हातावर पट्टी. सख्ख्या भावाला मी तीस वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. निदान सुरुवात तरी खोट्याने करत नाही.

पत्ता कोलोंबकडून घेतला. नाताळला तुम्ही एकमेकांना कार्डं पाठवता ते मला ठाऊक आहे. तुझ्या आमोस गावचा शिक्का असलेली पाकिटं ती शिवणाच्या डब्यात लपवते आणि मी ती पाहिली नाहीत असं दाखवते. दोन बहिणींना एका घरात राहायचं तर एवढा शिष्टाचार पाळावा लागतो.

आता कामाचं. कोलोंबच्या दोन्ही किडन्या गेल्या. तिने तुला कळवलं नसणार. कार्डावर चिमणी आणि शुभेच्छा यापलीकडे ती काही लिहीत नाही. मार्चपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्याचे तीन दिवस खाली नदीकाठच्या हॉस्पिटलात डायलिसिस असतं. चार तास मशीनला. एक वेळ चुकली की पाय सुजतात. दोन चुकल्या की श्वास लागतो. तिसरी चुकली तर फादरना बोलवावं लागेल. मी तेहेतीस वर्षं घरोघर फिरणारी नर्स होते, मला हे कुणी चित्रं काढून समजवायची गरज नाही. गाडी मात्र मला आता चालवता येत नाही. एप्रिलमध्ये परवाना काढून घेतला. डाव्या डोळ्यामागे डाग आहे म्हणे. डोळे तपासणाऱ्याने मला अक्षरं वाचायला लावली, मी वाचली, आणि तो हसला. त्या हसण्याबद्दल वेगळं पत्र लिहीन.

तर गावाने ठरवलं की आजारी माणसांना हॉस्पिटलात न्यायला एक गाडी घ्यायची. गावात असे पाच पेशंट आहेत, म्हणजे कोलोंब धरून पाच. चालवायला सेवाभावी माणसं. इथपर्यंत उत्तम. मग समिती नेमली, आणि समिती नेमली की अक्कल घरी ठेवून यायची असते.

काल चर्चच्या तळघरात बैठक झाली. आपला मेयर गाएतां, जो शाळेत नाक शर्टाच्या बाहीला पुसायचा, तो एका विक्रेत्याला घेऊन आला होता. विक्रेत्याचे बूट टोकदार. ऑक्टोबरच्या चिखलात टोकदार बूट! त्याने भिंतीवर एक फिल्म दाखवली. काळा फोर बाय फोर ट्रक, भोवती बर्फ उडतोय, ढोल वाजताहेत, आणि ट्रक बैलासारखा डोंगर चढतोय. पुरुषमंडळी अशी बघत होती की मला मान फिरवावी लागली. लाज वाटते रे, सत्तरीच्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटलेलं बघायला.

मी हात वर केला. ‘‘चढताना बघितला. उतरताना कसा दिसतो?’’

‘‘मादाम, उतरताना काय बघायचं असतं?’’

‘‘हॉस्पिटल खाली आहे, मस्यू. वर फक्त स्मशान आहे.’’

कुणी हसलं नाही. गाएतां म्हणाला, ‘‘सोलांज, तू सुया टोच. गाड्यांचं आम्ही बघतो.’’

त्यांच्यात तीन पक्ष आहेत. एकाला ट्रक हवा, कारण चारही चाकांना इंजिनाचा जोर. दुसऱ्याला मागच्या चाकांनी चालणारी जुनी लांब गाडी हवी, कारण त्याचे वडील डिकीत वाळूची पोती टाकून तीच चालवायचे आणि नव्वदीपर्यंत जगले. तिसरा पक्ष मी. मी माझी सगळी नोकरी पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या डबड्यात केली, आणि एकही बाळंतीण चुकवली नाही. पण माझं ऐकतो कोण?

तुझं ऐकतील. तू वीस वर्षं या गावात गॅरेज चालवलंस आणि नंतर तिकडे खाणीच्या गाड्या सांभाळल्यास. कोणती गाडी घ्यावी ते एका कागदावर लिहून सही करून पाठव. मतदान १७ नोव्हेंबरला आहे. बेदारचा उतार तुला आठवत असेल. ‘आठवत नसेल तर’ असं लिहिणार होते, पण ते मूर्खपणाचं झालं असतं.

जुन्या गोष्टींवर मला बोलायचं नाही.

सोलांज


सेंत-ओदील, ९ नोव्हेंबर

आर्मां,

तुझं उत्तर पोचलं. टायरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहिलेलं पत्र मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. मेर क्लोतील्द असत्या तर त्यांना तिथेच झटका आला असता. पण मजकूर बरोबर आहे, तेव्हा तो इथे पुन्हा उतरवते, म्हणजे पुढेमागे ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणायला नको:

‘गाडी चढवतं इंजिन. थांबवतात टायर. चारही चाकं ओढणारी गाडी थांबताना इतर गाड्यांसारखीच घसरते, फक्त तोवर ती जास्त जोरात पोचलेली असते. पुढच्या चाकांची बसकी व्हॅन घ्या. चार नवे हिवाळी टायर, बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे. चार. ट्रक घ्यायचाच असेल तर घ्या, पण टायर आधी. आणि कोलोंब ट्रकच्या पायरीवर चढणार कशी?’

खाली सही. शिवी एकही नाही. तू बोलताना शिव्या म्हणून चर्चमधली सगळी पवित्र भांडी तोंडात घोळवायचास, प्याला, ताटली, पेटी, सगळं. लिहिताना मात्र सभ्य आहेस हे मला माहीत नव्हतं.

पायरीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एक नर्स असून. मशीनवरून उठल्यावर कोलोंबचे पाय ओल्या कापडासारखे होतात; तिला गुडघ्याच्या वर पाय उचलायला लावणं म्हणजे छळ. हा मुद्दा तुझा, हे मी कबूल करते.

पुठ्ठा मी बैठकीत वाचून दाखवला. थोडी कुरकुर झाली. कोण काय म्हणालं हे लिहिण्यात अर्थ नाही. माझा घसा बसला होता, म्हणून मी फार बोलले नाही.

कोलोंब मजेत आहे म्हणते. तिला बटाटा बंद, केळं बंद, मीठ बंद, सूपसुद्धा मोजून. तरी शेजारणीने आणलेली मेपलची वडी तिने काल खाल्लीच. मी ओरडले. ती म्हणाली, ‘‘तू ओरडलीस की मला बरं वाटतं, घरात कुणीतरी आहे असं वाटतं.’’ हिला काय म्हणावं!

सोलांज


सेंत-ओदील, १९ नोव्हेंबर

आर्मां,

ट्रक घेतला. सात विरुद्ध दोन. दुसरं मत इवोंचं, जो स्कूलबस चालवायचा. तो बैठकीत कधी तोंड उघडत नाही, त्यामुळे त्याच्या मताचा कुणावर परिणाम होत नाही.

ट्रक जुना आहे, काळा आहे, आणि त्याच्या पुढच्या जाळीवर शिंगांसारखं काहीतरी आहे. टायर त्याच्यासोबत आलेले. बाजूला हिवाळी टायरची, डोंगर आणि हिमफुलाची खूण आहे, म्हणजे कायद्याला चालतात. पण त्या खुणेच्या शेजारी रबराच्या खाचा माझ्या हिरड्यांसारख्या झिजल्यात. खाच किती उथळ झालीय ते मी आत नाणं घालून दाखवलं. गाएतां म्हणाला, ‘‘अगं, चारही चाकं ओढतात! टायर पुढच्या वर्षी बघू.’’ जणू ओढणं आणि थांबणं एकच. याला तीन मुलं कशी झाली, देव जाणे. त्यातही थांबणं त्याला जमलं नाही.

मला या लोकांचा किळस येतो. त्यांच्या कातडी टोप्यांचा, तळघरातल्या त्यांच्या कॉफीचा, गाडीच्या बॉनेटवर घोड्याच्या मानेसारखा हात फिरवतात त्याचा. कोलोंबला त्या पायरीवर चढवायला आता लाकडी स्टूल ठेवलंय. दोन माणसं तिला खालून वर ढकलतात, पिठाच्या पोत्यासारखी. ती हसून ‘‘मेर्सी’’ म्हणते. तिला कुणी कधी हे असं कर म्हणालं आणि तिने केलं नाही, असं झालंय का?

मागच्या पत्रात मी घसा बसल्याचं लिहिलं होतं. घसा ठणठणीत होता. पुठ्ठा वाचून झाल्यावर गाएतां म्हणाला, सगळ्यांसमोर, ‘‘टायरबद्दल आर्मांचा सल्ला? ज्याने बेन्वाला दोन टायरवर उतारावर सोडलं त्याचा? सोलांज, तुझ्या नवऱ्यासाठी तरी आम्ही ते ऐकणार नाही.’’ आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, माना कलत्या करून, जसं विधवांकडे पाहतात. तीस वर्षं पाहताहेत तसंच.

मी पुठ्ठा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि खाली बसले.

तुझं मत हरलं ते याच्यामुळे. गाडी कशी निवडावी यामुळे नाही. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. यावर उत्तर नको.

सोलांज


सेंत-ओदील, १६ डिसेंबर

आर्मां,

आधी हे वाच: कोलोंब जिवंत आहे.

सोमवारी सकाळी आधी पाऊस पडला, तो रस्त्यावर गोठला, वर चार बोटं भुसभुशीत बर्फ. ट्रक गाएतां स्वतः चालवत होता, कारण हवामान खराब असलं की त्याला चाक हातात लागतं. गावातून निघताना तो सुंदर चालला. घराच्या दारासमोर बाकीच्यांच्या गाड्या जागच्या जागी फिरत होत्या आणि हा हॉर्न वाजवत त्यांच्यामधून गेला. इथेच तर मेख आहे. इवोंने स्वतःची गाडी पायरीपाशीच घसरलेली बघितली आणि घरी बसला. गाएतांला घसरण कळलीच नाही, कारण चारही चाकं ती त्याच्यापासून लपवत होती. बेदारच्या उतारावर दुसऱ्या वळणापाशी त्याने ब्रेक दाबला आणि मग त्या शिंगवाल्या जनावराने कुणाचंच ऐकलं नाही.

दरीच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला गेला. बर्फ उपसणाऱ्यांनी रचलेल्या ढिगाऱ्यात खिडकीपर्यंत रुतला. टोचन गाडीला वर यायला साडेतीन तास लागले, कारण तीही घसरत होती. कोलोंब त्या काळ्या पेटीत साडेतीन तास बसून होती. डायलिसिस चुकलं. मंगळवारी हॉस्पिटलात जागा नव्हती. बुधवारी अॅम्ब्युलन्सने नेली तेव्हा तिचे ओठ शाईसारखे होते. काल सोडलं.

गाएतां फुलं घेऊन आला. दारात उभा राहून, टोपी हातात, मला म्हणाला, ‘‘पण सोलांज, सुरुवातीला कसा चढला बघितलंस ना?’’

मी फुलं घेतली आणि दार लावलं. मी त्याला काही बोलले नाही. तू मला ओळखतोस, तेव्हा मी किती भ्याले होते ते तुला यावरून कळेल.

आणि आज सकाळी कोलोंब, कॉफीची अर्धी वाटी पुढ्यात घेऊन, तिच्या त्या चिमणीच्या आवाजात म्हणाली, ‘‘मी आता जाणार नाही.’’

‘‘कुठे जाणार नाहीस?’’

‘‘हॉस्पिटलात. त्या ट्रकमधून.’’

‘‘मग कशातून जाणार? पालखीतून?’’

‘‘आर्मांने लिहिली होती तशा गाडीतून.’’

‘‘समितीने ती मानली नाही.’’

‘‘का मानली नाही?’’

तिने रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘‘ते तू त्यांना सांग, सोलांज. तू सांगेपर्यंत मी घरीच आहे.’’

‘‘तुला काय माहीत?’’

‘‘मी गॅरेजमध्ये होते. स्टुलावर. तुझ्या टोपीचा डबा मांडीवर घेऊन.’’

मी त्या दिवशी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. तिच्याकडे कोण पाहतं? मी विचारलं, तीस वर्षं गप्प का राहिलीस. ती म्हणाली, ‘‘मला वाटायचं तू आज सांगशील. रोज वाटायचं.’’

आज शुक्रवार. तिची वेळ टळून गेली. ती खिडकीत बसून मोजा विणतेय. मी तिला विनवलं, दरडावलं, तिच्या सुजलेल्या पावलावर बोट दाबून खड्डा दाखवला. ती म्हणते, ‘‘मला दिसतोय खड्डा.’’

म्हणून आता लिहिते, आणि तुला ठाऊक असलेलं तुलाच लिहिते, कारण मला ते कुठेतरी आधी एकदा लिहून बघायचंय.

१९८६. शनिवारी कॉन्व्हेंटच्या जुन्या मुलींचं संमेलन होतं. मला नवा कोट घालून, माझ्या स्वतःच्या गाडीतून, सगळ्यांच्या समोर उतरायचं होतं. तू म्हणालास, ‘‘दोनच टायर आलेत. उरलेले सोमवारी येतील. तोवर गाडी इथेच राहू दे.’’ मी म्हणाले, ‘‘ओढतात पुढची चाकं ना? मग पुढेच लाव दोन. सगळं गाव तेच करतं.’’ तू म्हणालास, ‘‘सगळं गाव गाढव आहे. पुढचं धरेल आणि मागचं निसटेल, सोलांज.’’ त्यावर मी म्हणाले, ‘‘तू टायर लाव. प्रवचन द्यायला फादर आहेत.’’ आणि पाय आपटला. अडतिसाव्या वर्षी, नर्स असून, पाय आपटला.

तू लावलेस. तुला मला ‘नाही’ म्हणता यायचं नाही, हा तुझा गुन्हा, आणि तेवढाच.

संमेलनाला मी मजेत गेले, मजेत आले. रविवारी बेन्वा त्याच्या आईला जेवायला आणायला निघाला. बेदारच्या उतारावर त्याने ब्रेक लावला. पुढचं धरलं, मागचं निसटलं, आणि समोरून बर्फ उपसणारी गाडी येत होती.

पोलीस आमच्या स्वयंपाकघरात आला, वही घेऊन. ‘‘टायर कुणी लावले?’’ मी म्हणाले, ‘‘माझ्या भावाने.’’ ‘‘दोनच?’’ ‘‘दोनच.’’ तू दारात उभा होतास. माझी दोन्ही उत्तरं खरी होती. कॉन्व्हेंटात शिकलेली बाई खोटं बोलत नाही, आर्मां. ती फक्त पुढचं वाक्य म्हणत नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि तूही ते वाक्य म्हटलं नाहीस. वसंतापर्यंत तुझ्या दारात एक गाडी उरली नाही. जूनमध्ये तू निघून गेलास, आणि मी तुझ्यावर रागावलेली राहिले, कारण दुसरं काही राहणं मला परवडणारं नव्हतं.

गाएतांचा किळस येतो असं मी लिहिलं होतं. तो बिचारा नुसता मूर्ख आहे.

सोलांज


सेंत-ओदील, २२ डिसेंबर

आर्मां,

सोमवारीही ती गेली नाही. दोन वेळा चुकल्या. मंगळवारी सकाळी तिला दोन उशा लावूनही झोपता येईना, आणि तरी चेहऱ्यावर तोच शांतपणा, जणू बसची वाट बघतेय. पुढची बैठक जानेवारीत. तोवर मी थांबू शकत नव्हते.

मंगळवारी दुपारी चर्चच्या तळघरात गरीब घरांसाठी नाताळची खोकी भरायचं काम होतं. सगळं गाव तिथे असतं, हे तुला माहीत आहे. डबाबंद वाटाणे, मांस भरलेल्या तुर्तिएर, मुलांचे हातमोजे. मी कोट न काढताच टेबलांमध्ये उभी राहिले आणि म्हणाले, ‘‘मला काही सांगायचंय.’’

गाएतां म्हणाला, ‘‘ट्रकचं असेल तर जानेवारीत, सोलांज.’’

‘‘बेन्वाचं आहे,’’ मी म्हणाले. मग सगळे थांबले.

मी सांगितलं. कोट, संमेलन, दोन टायर, पाय आपटणं, पोलिसाची वही. पाच मिनिटंही लागली नाहीत. तीस वर्षं जे डोंगराएवढं वाटत होतं, ते सांगून झालं तेव्हा कुणीतरी लावलेल्या किटलीला अजून उकळीही आली नव्हती. मला वाटलं होतं कुणी रडेल, कुणी ओरडेल, निदान फादर तरी पुढे येतील. फादर हातात वाटाण्याचा डबा धरून उभे राहिले. फार तरुण आहेत, त्यांना बेन्वा कोण तेच माहीत नाही.

रोलांद बोलली. बेकरीवाली रोलांद, आता काठी घेऊन चालते. ‘‘मी माझी गाडी आर्मांकडून काढून घेतली होती, सोलांज. अठरा वर्षं त्याच्याकडे दिली होती, कधी तक्रार नाही. तुझ्यासाठी काढली. मी त्याला चर्चच्या पायऱ्यांवर पाठ दाखवली. तुझ्यासाठी.’’

‘‘हो.’’

‘‘त्याने मला त्या दिवशी बॉनजूर म्हटलं होतं.’’

‘‘हो, रोलांद.’’

‘‘तू माझ्या बाजूलाच उभी होतीस.’’

मग ती खोक्यात हातमोजे भरायला लागली, आणि तिचं बघून बाकीचेही. कुणी मला बस म्हटलं नाही. कुणी जा म्हटलं नाही. लोक माना कलत्या करून बघायचे ते मात्र थांबलं. तीस वर्षं मला त्या माना आवडत होत्या, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि किळस आला. दुसऱ्यांबद्दल असं वाटायची मला सवय आहे. स्वतःबद्दल नव्हती.

गाएतां लालबुंद झाला होता. तो म्हणाला, ‘‘म्हणजे आर्मांचं पत्र...’’

‘‘बरोबर होतं. तेव्हाही तो बरोबर होता.’’

‘‘मग तू बैठकीत का नाही बोललीस? मी कोलोंबला त्या ढिगाऱ्यात घातली, बाई! मला वाटलं तुझ्या बाजूने बोलतोय मी!’’

आयुष्यात पहिल्यांदा गाएतां बरोबर होता. हेही मला सहन करावं लागलं.

इवों तेव्हा दाराशी होता. तो टोपी घालत म्हणाला, ‘‘माझी जुनी व्हॅन आहे. पुढच्या चाकांची. चार टायर, खिळ्यांचे, दोन हिवाळे झालेत. पायरी नाही. सकाळी साडेसहाला येतो.’’ या वर्षातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण.

घरी येऊन मी कोलोंबला म्हणाले, ‘‘सांगितलं.’’

‘‘सगळं?’’

‘‘पाय आपटल्याचंसुद्धा.’’

तिने विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘‘मग माझी पिशवी काढून ठेव गं. आणि ते जाड मोजे.’’

काल इवों तिला घेऊन गेला. मीही मागे बसले. बेदारच्या उतारावर त्याने वरच गियर खाली घेतला आणि ब्रेकला पायच लावला नाही. बैलगाडीच्या वेगाने, आजूबाजूला न बघता. दुसऱ्या वळणावर टायर खडखडत होते, जसे जेवणाच्या टेबलावर चमचे खडखडतात. मशीनला लावल्यावर तासाभरात तिच्या ओठांना रंग आला. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले, आणि शेजारच्या माणसाने मला टॉफी दिली. मी ती खाल्ली.

१६ तारखेचं पत्र तुला याच्यासोबत, सगळं झाल्यावर पाठवतेय, आधी नाही, हे तुझ्या लक्षात येईल. आधी पाठवलं असतं तर तू ‘‘राहू दे’’ म्हणाला असतास. तुझा तो एक दुर्गुण मला फार सोयीचा होता.

सोलांज


सेंत-ओदील, ११ फेब्रुवारी २०१७

आर्मां,

तुला कळवायला हवं म्हणून कळवते. ट्रक गावच्या रस्ते खात्याला दिला. पुढे फाळ लावून तो बर्फ सारतो, आणि खरं सांगायचं तर ते काम चांगलं करतो. समितीने बसकी व्हॅन घेतली, पुढच्या चाकांची. टायर चार, नवे, खिळ्यांचे. गाएतांने तुझा पुठ्ठा माझ्याकडून मागून घेतला आणि बैठकीत उभा राहून स्वतः वाचला, अडखळत, कारण तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मतदान नऊ विरुद्ध शून्य. चालवणाऱ्यांच्या यादीत आता एक अट आहे: निघताना गाडी कशी चालली ते बघू नका, अंगणातच एकदा ब्रेक लावून बघा. ती अट इवोंची.

कोलोंबची एकही वेळ चुकलेली नाही. रोलांद मला दुकानात पाव देते, पैसे घेते, आणि माझ्या खांद्याच्या मागे बघते. ते तिचं बरोबर आहे. मी पाव तिच्याकडूनच घेते.

गुरुवारी तुझं पाकीट आलं. जाड होतं. वर नाव कोलोंबचं. मी ते दोनदा उलटसुलट केलं, आत माझ्यासाठी वेगळा कागद असेल असं बोटांनी चाचपून बघितलं. किटलीला वाफ येत होती, पाकिटाचा डिंक सुटायला पुरेल एवढी. मी किटली बंद केली आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

ती खिडकीत बसून वाचत होती. चार पानं, दोन्ही बाजूंनी; म्हणजे तुझ्याकडे कागद असतो तर. एकदा हसली. एकदा चष्मा काढून बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग घडी घालून ती पानं तिने एप्रनच्या खिशात ठेवली. शिवणाच्या डब्यात लपवली नाहीत. ‘काय म्हणतो?’ हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

जेवताना ती म्हणाली, ‘‘मे महिन्यात येतो म्हणतो, रस्ते मोकळे झाले की. मला भेटायला.’’

‘‘बरं,’’ मी म्हणाले.

‘‘आठवडाभर राहील.’’

‘‘बरं.’’

मी ताटं उचलली.

वरची खोली मी उघडून ठेवते. पलंग तुझ्या उंचीला आखूड पडेल, पण गादी चांगली आहे. त्या आठवड्यात मी घरी असावं की खाली नदीकाठी मैत्रिणीकडे जाऊन राहावं, तेवढं कोलोंबला कळव. मला लिहू नकोस. तू जे सांगशील ते मी करीन, पाय न आपटता.

सोलांज